‘वारसा द्राक्षमळा’ म्हणताना : माझ्याच एका टिपणाची दुरुस्ती

मंडळाच्या कामासाठी दोन वर्षांपूर्वी मी एक टिपण लिहिलं होतं. विषय होता माझ्या आजोळचा मळा. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात आजोळ, आणि मी राहतो इकडे धारवाडला, बेलूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला. टिपणात मी ठोकून दिलं होतं की हा द्राक्षमळा दीडशे वर्षांचा आहे, पाचव्या पिढीकडे आला आहे आणि दख्खनच्या मातीचा गुण त्याच्या घडाघडात उतरला आहे. टिपण लोकांना आवडलं. मंडळाच्या सहलीत तो मळा घ्यावा, तिथं एक पाटी लावावी, असंही ठरत आलं होतं.

मग बैठकीत एका ज्येष्ठ सभासदांनी साधा प्रश्न विचारला, “सर, दीडशे वर्षांपूर्वी तिथं द्राक्षाची जात कोणती होती?” मला सांगता येईना. घरी येऊन मामांना फोन लावला. मामा हसायलाच लागले. म्हणाले, “आरं, वेल हुता खरा, पन द्राक्षाचा न्हवं, पानाचा. पानमळा हुता त्यो.”

म्हणजे माझं टिपण चुकलं होतं, आणि मुळातच चुकलं होतं. ती दुरुस्ती लिहायला बसलो तेव्हा लक्षात आलं की ही चूक माझ्या एकट्याची नाही. जुन्या द्राक्षबागांवर आपल्याकडे जे लिहिलं जातं, बाटल्यांच्या लेबलांवर छापलं जातं, पर्यटनाच्या पत्रकांत येतं, त्यातलं बरंचसं ह्याच वाटेनं घसरतं. म्हणून दुरुस्तीबरोबर हा थोडा टीकालेखही.

चूक कशी झाली

आधी माझ्या पुराव्यांबद्दल. माझ्यापाशी तीन गोष्टी होत्या. एक, जुन्या कागदांत त्या जमिनीची नोंद विहीर बागायत अशी आहे. दोन, घरात सगळे त्या तुकड्याला ‘मळा’च म्हणतात. तीन, आजी सांगायची की बांधाला आणि वेलांना आधाराला पांगारा लावलेला होता.

ह्या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण त्यांतून द्राक्ष निघत नाही. मराठीत मळा म्हणजे विहिरीच्या पाण्यावर भिजणारी जमीन. त्यात भाजी असेल, ऊस असेल, हळद असेल, पानवेल असेल. इंग्रजी शब्दाला प्रतिशब्द म्हणून आपण ‘द्राक्षमळा’ म्हणायला लागलो आणि मग जुना मळा दिसला की जुनी द्राक्षं दिसायला लागली. मळा जुना असतो, बाग नवी असते. विहीर पणजोबांची, वेल नातवाचा. माझ्या टिपणात मी विहिरीचं वय वेलाला लावलं.

पांगाऱ्याची गंमत वेगळी. मुंबई इलाख्याच्या जिल्हा गॅझेटियरांत द्राक्षवेल पांगाऱ्याच्या जिवंत खुंटावर चढवत, असं मी वाचलं होतं. ते बरोबरच आहे. पण पानवेलीलाही पांगारा, शेवरी, शेवगा, हादगा असाच आधार देतात. मी वाचलेलं खरं, आजीनं सांगितलेलं खरं, मी लावलेला मेळ तेवढा खोटा.

‘हेरिटेज’ शब्दाची किंमत

हल्ली ‘हेरिटेज’ हा शब्द स्वस्त झाला आहे. पण द्राक्षबागांच्या बाबतीत जगात काही ठिकाणी त्याला मोजमाप आहे. दक्षिण आफ्रिकेत जुन्या बागांसाठी एक प्रकल्प चालतो. तिथं वेल किमान ३५ वर्षांचे असले तरच त्या बागेला वारसा-बागेचं प्रमाणपत्र मिळतं, आणि बाटलीवरच्या शिक्क्यात लागवडीचं साल दिलेलं असतं. ऑस्ट्रेलियातल्या बरोसा खोऱ्यात २००९ साली सनदच केली. ३५ वर्षांच्या पुढचे वेल ‘जुने’, ७० च्या पुढचे ‘तगलेले’, १०० च्या पुढचे ‘शतायुषी’ आणि १२५ च्या पुढचे ‘पूर्वज’. स्लोव्हेनियातल्या मारिबोर गावात एका घराच्या भिंतीवर चारशे वर्षांहून जुना वेल आहे आणि तो अजून फळ देतो.

थोडक्यात, तिकडे जुना म्हणजे खोड जुनं. ही कसोटी आपल्याकडे लावली तर काय होईल? आजची सांगली, सोलापूर, नाशिक, विजापूर पट्ट्यातली व्यापारी बाग साधारण पंधरा वर्षांच्या आसपास थकते. उत्पन्न उतरलं की शेतकरी ती काढतो आणि नवी लावतो. पस्तिशी गाठलेली बाग आपल्याकडे विरळाच.

मामांच्या रानात आतापर्यंत तीन बागा झाल्या. पहिली सत्तरच्या दशकात, पानमळा मोडून. दुसरी ती थकल्यावर. तिसरी दुष्काळानंतर, ह्या वेळी रानटी खुंटावर कलम करून. आणि आता तिसरीही काढायची चालली आहे. मी ज्याला दीडशे वर्षांचा वारसा म्हटलं, त्यातलं सगळ्यात जुनं खोड शाळा संपवून कॉलेजात जाणाऱ्या पोराच्या वयाचं आहे.

सगळीकडे फिरणारं एक वाक्य

आता इतिहासाकडे. द्राक्षशेतीवरच्या बहुतेक पुस्तिकांची सुरुवात एकाच वाक्यानं होते, की इ. स. १३०० च्या सुमारास इराणी आक्रमकांनी द्राक्ष भारतात आणलं आणि दौलताबादला लावलं. हे वाक्य मीही माझ्या टिपणात उचललं होतं. ते इतक्या ठिकाणी फिरलं आहे की कुणी तपासायला जात नाही.

तपासलं तर काय दिसतं? द्राक्षा आणि मृद्वीका हे शब्द चरक-सुश्रुतांच्या संहितांत आहेत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मद्यांच्या यादीत द्राक्षाच्या रसाचं ‘मधु’ येतं, आणि तिथं ते त्याच्या देशावरून ओळखावं असं सांगून दोन नावं दिली आहेत : कापिशायन आणि हारहूरक. कापिशायन म्हणजे कापिशीचं, आजच्या अफगाणिस्तानातल्या बेग्रामजवळचं. दारूला गावाचं नाव देण्याची रीत फ्रेंचांची म्हणून आपण ऐकतो, ती इथं संस्कृत ग्रंथात बसलेली आहे. म्हणजे द्राक्ष भारतीयांना १३०० साली कळलं, हे म्हणणं टिकत नाही.

पण लगेच उलट टोकाला जाऊन आमच्या दख्खनमध्ये दोन हजार वर्षांपासून द्राक्ष आहे, असंही म्हणता येत नाही. हे सगळे उल्लेख वायव्येकडचे, थंड डोंगराळ मुलखाचे. सुकवलेली द्राक्षं व्यापारानं इकडे येत असणार, द्राक्षासवात पडत असणार. मनुका खाणं वेगळं आणि वेल लावणं वेगळं.

दख्खनच्या वेलाबद्दल मला सगळ्यात भरवशाचा वाटतो तो इब्न बतूता. मुहम्मद तुघलकाचा वकील म्हणून चीनला निघालेला हा मोरोक्कोचा प्रवासी १३४२ साली दिल्लीहून निघाला आणि दौलताबादवरून गेला. तिथली द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा येतात, असं तो सांगतो. ह्यातलं ‘दोनदा’ महत्त्वाचं. हा माणूस इराण, सीरिया, मध्य आशिया हिंडून आलेला. द्राक्ष त्याला नवं नव्हतं, त्याचं दोनदा येणं नवं होतं. कोणी कधी आणलं ह्या वादापेक्षा ही एक नोंद मला मोलाची वाटते, कारण दख्खनच्या द्राक्षाचा स्वभाव तिच्यात आहे. त्याकडे पुढे येतोच.

गॅझेटियर पुन्हा वाचताना

दुसरा भरवशाचा कागद म्हणजे जेम्स कॅम्पबेलच्या देखरेखीखाली १८८० च्या दशकात निघालेली मुंबई इलाख्याची गॅझेटियरं. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यातच होतं, १९५६ पर्यंत होतं. त्यामुळे आपल्या मंडळातल्या अनेकांच्या कपाटात ती असतात. देशावरच्या जिल्ह्यांच्या खंडांत द्राक्षवेलीवर एक छोटा परिच्छेद येतो. माझ्या पहिल्या वाचनात मी त्यातला पांगारा तेवढा उचलला होता. आता पुन्हा वाचताना इतर गोष्टी दिसल्या.

तिथं म्हटलं आहे की वेल तिसऱ्या वर्षी फळाला येतो, सहा-सात वर्षांत भरात येतो, आणि नीट जपला तर साठ वर्षं, काहींच्या म्हणण्यानं शंभर वर्षंही फळ देत राहतो. मुख्य हंगाम फेब्रुवारी-मार्चचा. ऑगस्टात दुसरं पीक येतं, पण ते आंबट, आणि वेलाची ताकद वाचवायला ते घेत नाहीत. रोगांमध्ये भुरीचं नाव आहे, हेच मराठी नाव. ढगाळ हवेत फुलावर आणि कोवळ्या मण्यावर ती पडते, पण फार नुकसान करत नाही, असा शेरा आहे. आजच्या बागायतदाराला हा शेरा वाचून हसावं की रडावं कळणार नाही. भुरीसाठी तो हंगामभर फवारे मारत असतो.

म्हणजे ज्या ३५ वर्षांच्या कसोटीवर आज आपली बाग नापास होते, ती एकेकाळी आपल्याकडे सहज पास झाली असती. साठ वर्षांचे वेल इथं होते. त्यांचं काय झालं?

वेल तरुणपणी का मरायला लागला

ह्याचं उत्तर कुणा एकाचा दोष दाखवणारं नाही. जुन्या जाती म्हणजे भोकरी, फकडी, साहेबी, हबशी. बहुतेक बियांच्या. जपून, दूरदूर लावलेल्या, घरच्या आणि गावच्या बाजाराच्या. पुण्याच्या गणेशखिंड इथल्या फळसंशोधन केंद्रात डॉ. चीमा ह्यांनी पंढरी साहेबीतून निवड करून ‘चीमा साहेबी’ काढली. हैदराबादेत १८९० च्या सुमारास अब्दुल बाकर खान ह्यांनी आणलेली ‘अनाबेशाही’ पुढे पसरली. ओझर-पिंपळगावकडे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात द्राक्षानं जोर धरला. १९६० च्या सुमारास बागायतदारांचा राज्य संघ उभा राहिला.

आणि त्याच दशकात बिनबियांचं ‘थॉमसन’ आलं. त्यानं सगळं उलटंपालटं केलं. आमच्या तासगाव भागात बोरगावच्या वसंतराव आर्वे ह्यांच्या बागेत थॉमसनमधून ‘तास-ए-गणेश’ निघालं. सोलापूरजवळ नान्नजला नानासाहेब काळे ह्यांनी लांब मण्याचं ‘सोनाका’ निवडलं, तिथंच काळ्या मण्याचं ‘शरद सीडलेस’. हे संशोधन प्रयोगशाळेत नाही, मांडवाखाली झालं. एखादी काडी वेगळी वागतेय हे ज्याच्या नजरेला आलं, त्यानं ती जपली. माझ्या मते दख्खनच्या द्राक्षाचा अभिमान बाळगायचा तर ह्या नजरेचा बाळगावा. पण वारसा-लेखांत तुघलक येतो, बोरगाव-नान्नज येत नाही. सुलतानाचं नाव जुनं वाटतं आणि शेतकऱ्याचं कालचं.

नवी जात भरपूर देते, पण भरपूर मागतेही. दाट लागवड, मणी फुगवायला संजीवकाच्या बुडवण्या, ऑक्टोबरात डोळे एकसारखे फुटावेत म्हणून पेस्टिंग. मग विहिरींचं पाणी खोल गेलं, त्यात क्षार आले, मुळांना सूत्रकृमी लागले. स्वतःच्या मुळावरची बाग टिकेना, म्हणून ‘डॉगरिज’सारखा अमेरिकन रानटी खुंट आला. आज तुम्ही तासगावच्या बागेत उभे राहता तेव्हा खाली अमेरिकेचं मूळ असतं, वर पश्चिम आशियातून कॅलिफोर्नियामार्गे आलेली जात, आणि उन्हाळ्यात कधी कधी टँकरनं आणलेलं परगावचं पाणी. ह्याला मी मातीचा दीडशे वर्षांचा गुण म्हटलं होतं.

मग ‘तेरुआर’चं काय?

वाईनच्या लेबलांवर हल्ली हा फ्रेंच शब्द फार येतो. अर्थ असा की एका ठिकाणची माती, उतार, हवा आणि तिथल्या माणसांची रीत मिळून फळाला जी चव येते ती दुसरीकडे येत नाही. बर्गंडीत सिस्टर्शियन साधूंनी बाराव्या शतकापासून एकेक तुकडा ओळखून ठेवला, नावं दिली. ते तुकडे २०१५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले.

इथं कुणी म्हणेल, फ्रान्समध्येही एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा किडीनं वेल मेले आणि तेव्हापासून तिथंही मुळं अमेरिकनच आहेत. मग तासगावच्या डॉगरिजलाच का टोचता? मुद्दा बरोबर आहे आणि मला तो मान्य आहे. पण बर्गंडीत वेल बदलला तरी तुकड्याची नोंद तुटली नाही. कुठल्या पट्टीत काय लावलं, कसं आलं, हे लिहिलेलं राहिलं. आपल्याकडे पट्ट्यांना नावं आहेत, विहिरीची पट्टी, माळाचं रान, वड्याकडचं. पण त्यात कधी काय लावलं हे कुणी लिहून ठेवत नाही. ते मामांच्या डोक्यात असतं आणि मामांबरोबर जातं.

दुसरी गोष्ट. तेरुआर म्हटलं की लिहिणारा लगेच मातीकडे जातो. दख्खनचा काळा पाषाण, ज्वालामुखीची माती वगैरे. विजापूर, सांगली, नाशिकच्या बागा बेसॉल्टवर आहेत हे खरं. पण मुरमाड, निचऱ्याची जमीन बघून बाग लावतात ती पाणी मुळाशी थांबू नये म्हणून. इकडे नंदी हिल्सच्या बागा वेगळ्याच खडकावर आहेत. मातीनं फरक पडतो, पण दख्खनच्या द्राक्षाचं खरं वेगळेपण पंचांगात आहे.

थंड देशात हिवाळ्यात वेल झोपतो, पानं गाळतो, वसंतात उठतो. त्याला वर्षातून एकदा छाटलं की झालं. इथं वेल झोपतच नाही. बर्फ नाही, कडक थंडी नाही, तो बारमाही हिरवा. त्याला कधी वाढायचं आणि कधी फळायचं हे माणसानं कात्रीनं सांगावं लागतं. म्हणून एप्रिलची खरड छाटणी. जुनी काडी खरडून काढायची, नवी काडी उन्हात पिकवायची. त्या उन्हातच पुढच्या वर्षीचा घड डोळ्याच्या आत ठरतो, बागायतदार त्याला सूक्ष्म घडनिर्मिती म्हणतात. मग पाऊस सरता सरता ऑक्टोबरची फळछाटणी, नाशिककडची गोडी छाटणी. त्यानंतर कोरड्या हिवाळ्यात घड भरतो आणि जानेवारी ते एप्रिल माल निघतो.

आता इब्न बतूताचं ‘दोनदा’ आणि गॅझेटियरमधलं ‘दुसरं पीक घेत नाहीत’ शेजारी ठेवून बघा. चौदाव्या शतकातला वेल दोन पिकं देत होता. एकोणिसाव्या शतकातला शेतकरी दुसरं पीक सोडून देत होता. आजचा दोन छाटण्या करून एकच पीक घेतो, तर दक्षिणेत बेंगळूर ब्लूवाले अजून दोन छाटण्यांत दोन पिकं घेतात. वेलाचा स्वभाव तोच, त्याच्याशी वागायचे निर्णय वेगवेगळे. दख्खनच्या द्राक्षात काही जुनं असेल तर ते हे आहे. जाती बदलल्या, मुळं बदलली, पांगारा जाऊन मांडव आला, मांडव जाऊन वाय आला, पण झोप नसलेल्या वेलाला माणसानं ऋतू देण्याचं काम चालूच आहे.

बेलूरला बाग का नाही

हे पंचांग किती नेमकं असावं लागतं ते इथं बेलूरला बसून चांगलं कळतं. आमच्या कारखान्याच्या फाटकातून पुणे-बेंगळूर महामार्ग दिसतो. ह्याच रस्त्यानं हंगामात द्राक्षाच्या क्रेटनं भरलेल्या गाड्या दक्षिणेला जातात. पण इथं द्राक्ष लावत नाहीत. धारवाड मलनाड आणि मैदानाच्या मधोमध आहे. पश्चिमेला तांबडी जमीन आणि आंब्याच्या बागा, पूर्वेला काळी जमीन आणि कापूस-ज्वारी, वाटेवर नवलूरचे पेरू. पाऊस सुमारे ८०० मिलीमीटर, आणि तो रेंगाळतो. ऑक्टोबरातही सरी येतात. नेमकी फळछाटणी झालेली, कोवळी फूट बाहेर आलेली आणि वर पाऊस, म्हणजे डाऊनीला आवतणच. विजापूरकडे पाऊस सुमारे ६०० मिलीमीटर, हवा कोरडी, तिथं जमतं.

पण तिथंही ते दरवर्षी जमतंच असं नाही. २००९ च्या नोव्हेंबरात, फयान वादळाच्या सुमारास अवेळी पाऊस झाला, तेव्हा महाराष्ट्रातल्या बागांचं डाऊनीनं किती नुकसान झालं ते बागायतदारांना विचारा. पंचांग हलायला लागलं की आधी माती कामाला येत नाही.

आणि एक तुलना राहवत नाही म्हणून. धारवाडकडे जुन्या हापूसचं झाड कुणी चटकन तोडत नाही. ते पन्नास वर्षं उभं असतं, सावलीला, आठवणीला. म्हणून आंब्याचा वारसा डोळ्यांना दिसतो. द्राक्षाचा दिसत नाही. तो लिहूनच ठेवावा लागतो.

नावांचा घोळ

भौगोलिक मानांकनांमुळे ह्यात भर पडली आहे. नाशिकची द्राक्षं, सांगलीचा बेदाणा, बेंगळूर ब्लू, ह्या सगळ्यांना मानांकन आहे. शेतकऱ्याला त्याचा फायदा व्हावा, माझा विरोध नाही. पण इतिहासाच्या दृष्टीनं वाचताना सावध असावं. बेंगळूर ब्लू हे नाव बेंगळूरचं, वेल मात्र अमेरिकन ‘इझाबेला’. सांगलीचा बेदाणा ज्या बिनबियांच्या जातींपासून होतो, त्या मामांच्या तरुणपणी आल्या. मानांकन सांगतं की ही वस्तू इथं चांगली होते. ती इथं कायम होती असं ते म्हणत नाही. तो अर्थ आपण घुसडतो.

पाटीचं काय करायचं

मंडळाला माझी विनंती आहे की आजोळच्या मळ्यावर ठरलेली पाटी लावू नये. निदान मी लिहिला तो मजकूर नको. आणि ह्यापुढे कुठल्याही ‘वारसा द्राक्षमळ्या’वर लिहिताना चार प्रश्न आधी विचारावेत. आत्ताचा वेल कोणत्या साली लावला? जात कोणती आणि ती कुठून आली? मूळ स्वतःचं की खुंटाचं? पाणी कुणाचं, विहिरीचं, कालव्याचं की टँकरचं? चारांची उत्तरं मिळाली तर वय सांगावं. नाही मिळाली तर नुसतं ‘जुना मळा’ म्हणावं, त्यात कमीपणा नाही.

त्याहून निकडीचं काम दुसरं आहे. सांगली-विजापूर पट्ट्यात बागा काढायचं चालूच असतं. खोडं उपटून बांधावर पडतात, चुलीत जातात. प्रत्येक बागेबरोबर तीस-चाळीस वर्षांची माहिती जाते : कोणत्या साली कुठली छाटणी पुढे ढकलली, कोणत्या पट्टीत भुरी आधी येते, कोणती काडी वेगळी निघाली. ही वही कुणाकडे तयार नाही. आपल्यापैकी ज्यांचं आजोळ, सासर तिकडे आहे त्यांनी सुट्टीत जाऊन एकेका शेतकऱ्याकडून एवढं लिहून आणलं तरी पुष्कळ होईल.

सुरुवात मी केली आहे. गेल्या महिन्यात तासगावला जाऊन दोन दिवस मामांपाशी बसलो. पट्ट्यांची नावं, तीन बागांची सालं, जाती, खुंट, विहिरीची खोली दर दहा वर्षांनी किती वाढली, सगळं उतरवून घेतलं. पानमळ्याचंही. पानं कुठल्या बाजाराला जायची, पांगारा कधी छाटायचे, मोट कधी बंद झाली. मी मामांना विचारलं, “मामा, मी ते दीडशे वर्षांचं लिहिलं त्याचा राग नाही ना आला?” म्हणाले, “राग कशाचा? पन माझ्या हातनं तीन बागा झाल्या, त्येचं काय तू लिवलं न्हाईस.”

ते आता लिहितो आहे. वही पूर्ण झाली की मंडळाकडे देईन. जुनं टिपण काढून टाकावं, किंवा राहू द्यायचं तर ही दुरुस्ती त्याच्यासोबत जोडावी.